काम संपले, जमीन मात्र परत आली नाही

रस्ता, रेल्वे, धरण ही नावे निघाली की भूसंपादनाचा कायदा आपल्या श्रोत्यांना आठवल्यावाचून राहत नाही. १८९४ साली इंग्रजी अमदानीत झालेला तो कायदा २०१३ अखेरपर्यंत आपल्या देशात चालू होता. १९२१ साली मुळशी पेट्यात सेनापती बापट आणि त्यांचे मावळे सोबती झुंजले, ते त्याच्याच बळावर चाललेल्या संपादनाशी. नेमक्या त्याच १८९४ साली साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडात, सार्वजनिक बांधकामांचा कायदा नव्याने मंजूर झाला. तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या, वाट्याला त्यातून काय आले ते पाहण्याजोगे आहे.

१८४० साली वाइतांगी येथे राणीच्या प्रतिनिधीने माओरी सरदारांशी तह केला. जमिनी, अरण्ये आणि मासेमारीच्या जागा माओरींना हव्या असतील तोवर निर्वेधपणे त्यांच्याच राहतील, असे अभिवचन त्यात होते. त्याला पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती, तोच १८६४ साली, माओरींशी युद्ध चालू असतानाच, सार्वजनिक कामांसाठी जमीन घेण्याचा पहिला कायदा झाला. पुढल्याच वर्षी शंभर एकरांमागे पाच एकरांपर्यंत जमीन रस्त्यांसाठी मोबदल्याविना घेण्याची मुभा सरकारने स्वतःला करून घेतली.

खरी गोम होती ती मालकीच्या स्वरूपात. माओरींची जमीन एकट्यादुकट्याची नसे. ती साऱ्या कुळीची, आणि मालकांची नावे पुष्कळदा सरकारी दप्तरात चढलेलीच नसत. गोऱ्या शेतकऱ्याला नोटीस मिळे, त्याला हरकत नोंदविता येई. ज्याचे नावच दप्तरी नाही, त्याला नोटीस बजावायची कोणाला? तेव्हा अशा जमिनी दीर्घ काळ नोटिशीवाचून घेतल्या गेल्या. मोबदला ठरवायचा जमीन न्यायालयाने, पण तेथे अर्ज करायचा तो जमीन घेणाऱ्या खात्याने! खात्याला सवड झाली नाही, तर मालकाने वाट पाहत बसावे.

याचा परिणाम कोठवर पोहोचतो ते रॅग्लन गावी दिसले. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील या गावाजवळ ते कोपुआ नावाची माओरींची जमीन आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, विमानांच्या धावपट्टीसाठी सरकारने ती घेतली. घरे उठली, सभागृह पाडले गेले. युद्ध संपले, धावपट्टीची निकड सरली. जमीन मात्र मूळ धन्यांकडे न जाता तिचा मोठा भाग पुढे गोल्फच्या क्रीडांगणासाठी देण्यात आला. पूर्वजांच्या दफनभूमीवर चेंडू टोलवले जाऊ लागले. १९७८ साली ईव्हा रिकार्ड या माओरी बाईंनी आपल्या मंडळींसह त्या हिरवळीवर ठाण मांडले, तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक केली. आपल्याच भूमीवर घुसखोरी केल्याचा हा ठपका! तथापि त्या मागे हटल्या नाहीत, आणि १९८०च्या दशकात ती जमीन परत मिळाली.

न्यूझीलंडच्या १९८१च्या कायद्यान्वये गरज संपलेली जमीन प्रथम मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला देऊ केली पाहिजे. पण ती सामान्यतः चालू बाजारभावाने. समुद्रकाठच्या जमिनीचे मोल तीसचाळीस वर्षांत कोठल्या कोठे जाते, हे सांगायला नको. शिवाय जमिनीचे रूपच पुरते पालटले असेल, तर देऊ करण्याचे बंधनही उरत नाही. आपल्या २०१३च्या कायद्याने पाच वर्षे वापराविना पडलेली जमीन परत करण्यास सांगितले आहे खरे; मात्र ती मूळ मालकाला ‘किंवा’ सरकारच्या भूमिपेढीला. यांपैकी कोणाला, हे ठरविण्यात जमीन गमावलेल्याचा शब्द चालत नाही.