समवयस्कांच्या हाती आरोग्याचे शिक्षण

अठरा ते बावीस या वयातील तरुण-तरुणी क्वचितच आजारी पडतात आणि म्हणून दवाखान्याची पायरीही क्वचितच चढतात; मात्र तंबाखूची पहिली चव, वसतिगृहातील जागरणे, अर्धपोटी काढलेले दिवस, लैंगिक जीवनाविषयीचे कुतूहल आणि परीक्षेच्या भीतीतून येणारी निराशा या सर्वांची गाठ याच वयात पडते. अशा वेळी मनातील प्रश्न आईवडिलांना किंवा प्राध्यापकांना क्वचितच विचारला जातो. तो विचारला जातो वर्गातील किंवा खोलीतील मित्राला, मग त्या मित्राला उत्तर माहीत असो वा नसो. ज्याला प्रश्न विचारले जातात त्यालाच योग्य उत्तरे शिकवावीत, या विचारावर समवयस्क शिक्षणाची, म्हणजे एकाच वयोगटातील प्रशिक्षित व्यक्तीने इतरांना माहिती व आधार देण्याची पद्धत उभी आहे.

भारतात या पद्धतीला राष्ट्रीय सेवा योजनेची, अर्थात एनएसएसची, तयार चौकट मिळाली. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. आरंभी या सेवेचा रोख प्रामुख्याने खेड्यांकडे होता. परंतु 1986 मध्ये चेन्नईत एचआयव्हीची लागण देशात प्रथम आढळली आणि त्यानंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्गमित्रांशी बोलण्याची निकड जाणवू लागली. या गरजेतून पुढे महाविद्यालयांत रेड रिबन क्लब स्थापन झाले आणि महाराष्ट्रात त्यांना राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे मार्गदर्शन लाभले.

या क्लबांचे खरे काम प्रभातफेरी आणि पथनाट्य यांच्या पलीकडे आहे. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही, या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत चाचणी मोफत होते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार व्यक्तीच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष गोपनीय ठेवावा लागतो. एवढी माहिती असलेला स्वयंसेवक घाबरलेल्या मित्राबरोबर केंद्रापर्यंत चालत गेला, तर भिंतीवर लावलेल्या फलकांना जे साधत नाही ते साधते, आणि अशा कामाची छायाचित्रे अहवालात लावता येत नाहीत म्हणून ते दुय्यम ठरू नये.

समवयस्कांच्या प्रभावामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी 1986 मध्ये असे दाखवले, की आपले सहाध्यायी दारूच्या बाबतीत प्रत्यक्षात असतात त्याहून अधिक सैल आहेत असा विद्यार्थ्यांचा समज असतो. या चुकीच्या समजाच्या दडपणाखाली अनेक जण स्वतःची नापसंती बोलून दाखवत नाहीत, आणि मग मूठभरांची सवय साऱ्यांचीच वाटू लागते. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. पण बंदी दुकानाला हटवते, समजाला नाही. ‘मी खात नाही’ हे वर्गातल्याच कोणीतरी उघडपणे म्हणणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत मात्र मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागते. विद्यार्थी हा समुपदेशक नव्हे. त्याने ऐकून घ्यावे, उपदेश टाळावा आणि मित्राला तज्ज्ञापर्यंत पोहोचवावे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध असल्यामुळे ग्रामीण महाविद्यालयातील स्वयंसेवकालाही निदान एक दार ठोठावता येते. मित्राचे गुपित राखणे हे त्याचे कर्तव्य आहे, परंतु जिवाला धोका दिसत असेल तर ते विश्वासातल्या प्राध्यापकाला त्वरित सांगणे हेही कर्तव्यच आहे, आणि हा फरक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी स्पष्ट झाला पाहिजे. अन्यथा वीस वर्षांच्या मुलावर त्याला न पेलणारे ओझे पडते. शिवाय प्रशिक्षित विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडत असल्याने, त्यांनी जाण्यापूर्वी नव्या तुकडीबरोबर एक सत्र तरी प्रत्यक्ष काम करावे आणि त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्याला तासिकांमधून सवलत मिळावी, ही व्यवस्था महाविद्यालयांनीच करावयाची आहे.