उभ्या गाडीतील बालक : आठवण देणाऱ्या उपकरणांची निवड

वार्षिक अहवालात हिशेब व विभागवार कार्याचा आढावा यांच्या जोडीला आरोग्यविषयक माहितीपर लेख देण्यामागे, दुखणे रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्याआधीच टळावे, हा आमचा हेतू आहे. या लेखाचा विषय काही वाचकांना प्रथमदर्शनी परका वाटेल. उन्हात उभ्या केलेल्या मोटारगाडीत लहान मूल अनवधानाने राहून जाणे आणि उष्माघाताने दगावणे, ही दुर्घटना प्रामुख्याने अमेरिकेत व काही प्रमाणात युरोपात नोंदली गेली आहे. तथापि महाराष्ट्रातील असंख्य घरांतील मुले, सुना, जावई आज त्या देशांत स्थायिक आहेत. नातवंडे सांभाळण्यासाठी आजी-आजोबा तेथे महिनोन् महिने जाऊन राहतात. अशी दुर्घटना टाळण्यासाठी बाजारात अनेक उपकरणे आली आहेत. त्यांतील कोणते घ्यावे, त्यावर किती विसंबावे व कोठे विसंबू नये, याचे विवेचन येथे करीत आहोत.

दुर्घटनेचे स्वरूप

अमेरिकेत १९९८ पासून अशा मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. तेव्हापासून २०२४ अखेरपर्यंत एक हजाराहून अधिक बालके बंद गाडीतील उष्म्याने मृत्युमुखी पडली. वार्षिक सरासरी ३७ च्या आसपास आहे. २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी हा आकडा ५० च्या वर गेला होता. दगावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बालके दोन वर्षांहून लहान होती.

या घटनांचे तीन प्रकार पडतात. सुमारे निम्म्या घटनांत पालक वा सांभाळणारी व्यक्ती मूल गाडीत असल्याचे विसरली. सुमारे चतुर्थांश घटनांत मूल स्वतःच उघड्या गाडीत शिरले व अडकले. उरलेल्यांपैकी बहुतेक घटनांत ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला जाणूनबुजून गाडीत ठेवले होते. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण आठवण देणारे उपकरण मुख्यतः पहिल्या प्रकारावरचा उपाय आहे.

गाडी इतकी त्वरेने का तापते? सूर्याचा प्रकाश काचेतून आत येतो, आसने व समोरचा डॅशबोर्ड तो शोषून घेतात, आणि तापलेल्या पृष्ठभागांची उष्णता बंदिस्त हवेत साठत जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाहेरचे तापमान साधारण २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. म्हणजे बाहेर ३० अंश असतील, तर अर्ध्या तासात आत सुमारे ४८ अंश होतात. काच दीड इंच खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही, हेही त्या अभ्यासात दिसून आले.

बालकाचे शरीर प्रौढाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते. त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू व अन्य इंद्रियांना इजा होऊ लागते. पट्ट्याने बांधलेले, बोलता न येणारे मूल स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही.

प्रेमळ पालकांचीही स्मृती दगा का देते

‘पोटच्या पोराला कोणी विसरेल काय?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु हाच प्रश्न या दुर्घटनेच्या प्रतिबंधातील सर्वांत मोठा अडसर ठरला आहे. आपल्या हातून असे घडणारच नाही, अशी खात्री असणारा मनुष्य उपकरण घेत नाही, आणि घेतले तरी नीट वापरीत नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात २००९ साली जीन वाइनगार्टन यांनी अशा पालकांवर सविस्तर लेख लिहिला. त्याला २०१० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या लेखात आलेले पालक निरनिराळ्या व्यवसायांतील व आर्थिक स्तरांतील होते. त्यांच्यात उच्चशिक्षित होते आणि मुलांवर जीव टाकणारेही होते.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील मेंदूविज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड डायमंड यांनी याची उकल स्मृतीच्या दोन यंत्रणांच्या आधारे केली आहे. रोजचा रस्ता, रोजची वळणे ही सवयीच्या स्मृतीची कामे होत. ती मेंदूचा एक भाग जाणीवपूर्वक विचार न करताही पार पाडतो. ‘आज वाटेत मुलाला पाळणाघरात सोडायचे आहे’ ही पुढे करावयाच्या कामाची स्मृती असून ती दुसऱ्या यंत्रणेकडे असते. दोहोंत चढाओढ झाली, तर पुष्कळदा सवय वरचढ ठरते. रोज आई मुलाला सोडते आणि आज वडिलांवर ते काम आले, रात्री झोप झाली नाही, कार्यालयातून फोन आला, मूल मागे शांत झोपी गेले, की गाडी सवयीने थेट कार्यालयाकडे जाते. मूल सुखरूप पाळणाघरात पोहोचले आहे, असा खोटा पण पक्का समजही मनात तयार होतो. येथे प्रेमाची नव्हे, स्मृतीच्या रचनेची उणीव असते.

याला आणखी एक कारण आहे. पुढील आसनासमोरच्या एअरबॅगमुळे बालकांना इजा होऊ लागल्यावर अमेरिकेत १९९० च्या दशकात मुलांना मागील आसनावर, आणि तान्ह्यांना तर पाठीकडे तोंड करून बसविण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच आहे व तीत बदल करू नये. परंतु त्यामुळे मूल चालकाच्या नजरेआड गेले. भारतातही २०१९ च्या मोटारवाहन कायद्यातील दुरुस्तीने मुलांसाठी सुरक्षा-पट्टा वा बाल-आसन आवश्यक केले आहे. मांडीवरचे मूल जसजसे मागच्या बाल-आसनात जाईल, तसतसा हा विषय आपल्याकडेही लागू होत जाईल.

उपकरणांचे प्रकार व त्यांच्या मर्यादा

पहिला प्रकार गाडीच्या दारांवर आधारलेला आहे. जनरल मोटर्सने २०१६ साली आणलेली पद्धत याचे ठळक उदाहरण होय. प्रवासाआधी मागचे दार उघडले गेले असेल, तर गाडी बंद करताना घंटी वाजते व ‘मागे पाहा’ अशी सूचना दिसते. तिला चार्ज करावे लागत नाही, की फोनही लागत नाही, हा मोठा गुण. मात्र या गाडीला मागे मूल आहे की पिशवी, हे कळत नाही. शिवाय ही सूचना एकदाच मिळते. वाटेत पेट्रोल भरण्यासाठी गाडी बंद केली, तर घंटी तेथेच वाजून जाते. पुन्हा मागचे दार न उघडता पुढे निघाल्यास अखेरच्या मुक्कामी ती वाजत नाही. अशाच तऱ्हेची सूचना-यंत्रणा जवळजवळ सर्व नव्या गाड्यांत २०२५ च्या मॉडेलपर्यंत देण्याचे अमेरिकेतील २० वाहन-उत्पादकांनी २०१९ मध्ये स्वेच्छेने मान्य केले होते.

दुसरा प्रकार बाल-आसनात घालावयाच्या गादीचा. ती मुलाचे वजन ओळखते, ब्लूटूथने फोनशी जोडलेली असते आणि फोन गाडीपासून दूर गेला की सूचना देते. जुन्या गाडीतही ती वापरता येते. परंतु फोनची बॅटरी, ब्लूटूथ, फोनमधील अॅप व गादीतील सेल अशा चार गोष्टी एकाच वेळी ठीक असाव्या लागतात.

तिसरा प्रकार मुलाच्या छातीवरील पट्ट्याच्या क्लिपचा. इव्हनफ्लो कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या आसनात ही क्लिप गाडीतील छोट्या ग्राहक-यंत्राशी संपर्क ठेवते. गाडी बंद झाली आणि क्लिप मात्र लागलेलीच असली, की सूचना वाजते. यात फोन लागत नाही. तथापि ग्राहक-यंत्र आपल्या गाडीत चालते काय, हे आधी पाहावे लागते, आणि मुलाला क्लिप उघडता येऊ लागली की तिचा भरवसा उरत नाही.

चौथा प्रकार गाडीतच बसविलेल्या संवेदकांचा. अल्ट्रासॉनिक लहरी मागील भागातील हालचाल टिपतात, तर रडार झोपलेल्या बालकाच्या श्वासाने होणारी सूक्ष्म हालचालही ओळखू शकते. पूर्वी वर्णिलेल्या दार-पद्धतीच्या उलट, येथे प्रत्यक्ष मूल ओळखले जाते. स्वतःहून गाडीत शिरलेले मूलही यात सापडू शकते. युरोपातील युरो एनकॅप ही वाहन-सुरक्षा चाचणी संस्था २०२३ पासून अशा यंत्रणेला गुण देत आहे.

केवळ फोनवरील अॅप हा पाचवा व सर्वांत स्वस्त मार्ग. वेझ या मार्गदर्शक अॅपने २०१६ मध्ये मुक्कामी पोहोचल्यावर आठवण देण्याची सोय केली. परंतु रोजच्या रस्त्याला अॅप कोण उघडतो? आणि विस्मरण घडते ते बहुधा रोजच्याच रस्त्यावर.

निवडीचे निकष

इटलीने २०१८ मध्ये कायदा करून चार वर्षांखालील मुलांच्या वाहतुकीसाठी असे उपकरण सक्तीचे केले. ही सक्ती ७ नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आली व दंडाची तरतूद ६ मार्च २०२० पासून लागू झाली. सरकारने सुरुवातीच्या खरेदीस प्रत्येकी ३० युरोचे साहाय्यही दिले. तेथील तांत्रिक नियमांत उपकरणाने काय करावे, हे स्पष्ट लिहिले आहे. ते नियम कोणत्याही देशातील खरेदीदारास मार्गदर्शक ठरावेत, असे आहेत. त्यांच्या आधारे व आमच्या विचाराने पुढील निकष सुचवितो.

१. उपकरण दर वेळी आपोआप कार्यान्वित व्हावे. ते सुरू करण्याची आठवण चालकालाच ठेवावी लागत असेल, तर ज्या स्मृतीच्या दोषावर उपाय हवा होता, तिच्यावरच आपण पुन्हा विसंबलो.

२. कार्यान्वित झाल्याची खूण चालकास मिळावी. जे उपकरण मुकाट्याने बंद पडते, ते नसल्यापेक्षाही घातक, कारण त्याच्या भरवशावर आपण निर्धास्त राहतो.

३. बॅटरी संपत आल्याची पूर्वसूचना मिळावी.

४. सूचना ऐकू यावी व दिसावी, किंवा दिसावी व कंपनाने जाणवावी. पहिल्या सूचनेकडे लक्ष गेले नाही, तर दुसऱ्या व्यक्तींच्या फोनवर संदेश जाण्याची सोय असल्यास उत्तम. इटलीच्या नियमांत अशी सोय असलेल्या उपकरणाने किमान तीन क्रमांकांना कळवावे, असे म्हटले आहे.

५. बाल-आसनाच्या सुरक्षिततेस बाध येऊ नये. मुलाच्या अंगाखाली वा पट्ट्यावर काहीही बसविण्याआधी आसन बनविणाऱ्या कंपनीची त्यास संमती आहे काय, हे माहितीपत्रकात पाहावे.

६. मूल घरातील ज्या ज्या व्यक्ती नेतात, त्या सर्वांच्या गाड्यांत व फोनवर ते चालावे. दुर्घटना बहुधा नेहमीचा माणूस बदललेल्या दिवशी घडते, हे येथे विसरू नये. आजी-आजोबाही गाडी चालवीत असतील, तर त्यांचा फोनही जोडावा.

घेतलेल्या उपकरणाची महिन्यातून एकदा चाचणी करावी. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा विभागासाठी फिलाडेल्फिया येथील बाल-रुग्णालयाने २०१२ मध्ये तेव्हाच्या उपकरणांची तपासणी केली. मूल एका बाजूस कलंडणे, आसनावर पेय सांडणे, इतर विद्युत-उपकरणांचा अडथळा अशा साध्या कारणांनी त्यांचे काम बिघडत असल्याचे तीत आढळले. उपकरणे त्यानंतर सुधारली आहेत, परंतु घरच्या चाचणीची गरज संपलेली नाही. गादीवर पाण्याची पिशवी वा तांदळाचे पोते ठेवून, गाडी बंद करून दूर चालत जावे व सूचना येते का, हे पाहावे. इतके पुरेसे आहे.

उपकरणापलीकडे

उपकरणाला जोड हवी ती बिनखर्चाच्या सवयींची. कार्यालयात ज्यावाचून अडेल अशी वस्तू, उदाहरणार्थ पर्स, ओळखपत्र किंवा डाव्या पायाचा बूट, मागील आसनाजवळ ठेवावी. गाडी रिकामी असो वा नसो, उतरल्यावर मागचे दार उघडून पाहण्याचा नेम ठेवावा. सर्वांत मोलाची व्यवस्था म्हणजे पाळणाघराशी केलेला करार : मूल ठरल्या वेळी आले नाही, तर लगेच पालकांना फोन. येथे दुसऱ्या माणसाची जागृत स्मृती आपल्या चुकलेल्या स्मृतीच्या मदतीस येते.

मूल स्वतः गाडीत शिरते तेव्हा मात्र गादी, क्लिप व घंटी यांतील काहीच उपयोगी पडत नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन बालके उभ्या गाडीत मृतावस्थेत सापडली, ती याच धोक्याची आठवण होय. यावर उपाय एकच. अंगणात उभी असलेली गाडीही कुलूपबंद ठेवावी, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि मूल दिसेनासे झाल्यास विहीर व पाण्याच्या टाकीबरोबरच आसपासच्या गाड्या, त्यांच्या डिकीसह, तत्काळ पाहाव्यात.

बंद गाडीत एकटे मूल दिसल्यास मालकाची वाट पाहत बसू नये. भारतात ११२ वर व अमेरिकेत ९११ वर कळवावे. मूल निपचित असेल, तर काच फोडूनही बाहेर काढावे, सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग थंड पाण्याने भिजवावे व वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. तशा स्थितीत ते लगेच रुग्णालयात पोहोचविणे आवश्यक असते.

आमच्या हितचिंतकांपैकी जे शाळा, बालवाड्या वा पाळणाघरे चालवितात, त्यांना आमची विनंती आहे की, न आलेल्या मुलाच्या घरी सकाळीच फोन करण्याचा नियम त्यांनी आपल्या संस्थेत घालून द्यावा, आणि शाळेची गाडी रिकामी झाल्यावर चालकाने शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन पाहावे, असा दंडक ठेवावा. यास देणगी लागत नाही. ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर एवढेच विचारावे : गाडीत उपकरण आहे काय, ते अखेरचे केव्हा तपासले, आणि मूल न पोहोचल्यास पाळणाघर कोणाला कळविते? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरात तयार असतील, त्या घरातील बालक पुष्कळ अधिक सुरक्षित आहे, असे आम्हांस वाटते.