माडुरो सिगार इतका काळा का असतो, आणि स्वस्तातला माडुरो लागतो तरी कसा?

सिगारचा फोटो पाहिला की दोन रंग दिसतात. एक फिकट तपकिरी आणि दुसरा जवळजवळ काळा, तेलकट चमक असलेला. या काळ्याचं नाव माडुरो. बघणाऱ्याला वाटतं, रंग एवढा गडद म्हणजे माल नक्कीच कडक. पण इथंच गडबड होते.

माडुरो हा स्पॅनिश शब्द, अर्थ 'पिकलेला'. हा कुठला ब्रँड नाही की तंबाखूची वेगळी जात नाही. सिगारच्या सगळ्यात बाहेर गुंडाळलेलं पान, म्हणजे रॅपर, कसं तयार केलंय त्याचं हे नाव.

सिगारचे तीन भाग असतात. आत भरलेला तंबाखू म्हणजे फिलर, त्याला धरून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर आणि वरून रॅपर. माडुरोसाठी जाड, दमदार पान लागतं. अमेरिकेतलं कनेक्टिकट ब्रॉडलीफ आणि मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यातलं सान आंद्रेस ही त्यातली दोन नावाजलेली पानं. ब्रॉडलीफ उघड्या उन्हात वाढतं आणि एकेक पान न खुडता अख्खं झाड कापून वाळवतात.

मग पानं ओली करून त्यांचे मोठे ढीग रचतात. शेणखताचा ढीग आतून तापतो तसाच हा ढीगही तापतो. तो पुन्हा पुन्हा मोडून, पानं वरखाली करून रचतात. यात अमोनिया उडून जातो, उग्रपणा कमी होतो आणि पान काळं पडत जातं. माडुरोसाठी हे काम जास्त उष्णतेत आणि जास्त काळ चालतं.

म्हणूनच चवीत कोको, कडक कॉफी, मनुका आणि ओल्या मातीची आठवण येते. आपल्याकडची उपमा द्यायची तर काकवी. गोडसर, पण तळाशी जरा कडवट.

मग कडकपणा कुठून येतो? मुख्यतः आतल्या फिलरमधून. झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना लिहेरो म्हणतात, त्यांच्यात निकोटिन जास्त. ती जितकी जास्त, तितका सिगार कडक. त्यामुळे काळा सिगार सौम्य आणि फिकट सिगार डोकं गरगरवणारा असू शकतो.

आता मुद्दा किमतीचा. महाग सिगारमध्ये टोकापासून टोकापर्यंत लांब पानं असतात. स्वस्तात बऱ्याचदा पानांचे तुकडे, किंवा लांब पानं आणि तुकडे एकत्र. पेटीही नसते, गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात. तुकड्यांचा सिगार लवकर आणि जास्त गरम जळतो, तोंडात बारीक तुकडे येतात, शेवटच्या भागात कडवटपणा वाढतो. इथं माडुरोचं पान कामाला येतं. त्याचा गोडवा आतल्या साध्या तंबाखूचा खरखरीतपणा बराच झाकतो. पण महाग सिगारची चव जशी टप्प्याटप्प्यानं बदलते, तशी इथं फारशी बदलत नाही. सुरुवातीला कोको, मध्येही कोको.

काही उत्पादक वेळ वाचवायला पान शिजवतात किंवा रंगवतात. रंग एकदम सपाट, एकसारखा काळा असेल आणि ओठांना किंवा बोटांना लागत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र चवीपलीकडचा आहे. 'सिगारचा धूर आत घेत नाहीत, मग काय होतंय?' सिगारचा धूर सिगारेटपेक्षा जास्त अल्कधर्मी असतो. त्यामुळे धूर छातीत न घेताही तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारनंही वाढतो.

ढिगात तापून पानाचा उग्रपणा जातो, धोका जात नाही. माडुरोचा गोडवा जिभेला कळतो, शरीराला त्याचा काही उपयोग नाही.