सहा आठवड्यांची सुगी

पिओरिया शहरातून इलिनॉय नदी ओलांडली की थोड्या अंतरावर मॉर्टन नावाचं छोटं गाव लागतं. अमेरिकेत नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला घरोघरी भोपळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ करतात. त्यासाठी लागणाऱ्या डबाबंद गराचा मोठा वाटा या गावातल्या एकाच कारखान्यात तयार होतो. दर सप्टेंबरात गावात भोपळ्याची जत्रा भरते. इलिनॉयइतका भोपळा अमेरिकेतलं दुसरं कुठलंच राज्य पिकवत नाही. पण कारखान्याचा भोपळा वेगळा आणि लोक पोराबाळांसह शेतात येऊन स्वतः निवडून नेतात तो वेगळा. मी या दुसऱ्या भोपळ्याच्या शेतावर काम करते.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, अंजीर आणि सीताफळाचं. पिओरियाच्या परिसरात कॅटरपिलर कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याकडची बरीच मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक आमचं. मुलं शाळेत रमली, तशी मी जवळच्या एका शेतावर हंगामी कामाला जाऊ लागले. शेत एकाच घराचं आहे. आजोबा-आजी, दोन मुलगे, सुना आणि नातवंडं सगळी राबतात. बहुतेक जमीन मका आणि सोयाबीनखाली. भोपळा त्यामानाने थोड्या एकरांत, पण घरातली सगळी धांदल त्याच्याभोवती. सप्टेंबरच्या शेवटी फाटक उघडतं आणि 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, बंद होतं. या पाच-सहा आठवड्यांसाठी बाकीचं वर्ष खपावं लागतं.

हॅलोविनला भोपळा कोरून त्यात दिवा ठेवायची चाल आयरिश लोकांबरोबर अमेरिकेत आली. मायदेशी ते सलगम कोरायचे. इथे त्यांना सलगमापेक्षा मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. भोपळा मात्र मूळचा याच खंडातला. मेक्सिकोतल्या ओहाका भागातल्या एका गुहेत त्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घ्यायची इथल्या मूळ रहिवाशांची रीत युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीची.

भोपळ्याच्या शेतात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेळ साधणं. पेरणीनंतर फळ पिकायला साधारण 100 ते 120 दिवस लागतात. लवकर पेरलं तर ऑगस्टातच शेत नारिंगी होतं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत फळं सडायला लागतात. उशीर झाला तर ऑक्टोबरच्या गोठवणाऱ्या दंवात वेल मरतात आणि हिरवी फळं तशीच राहतात. म्हणून मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत वाफसा बघून टप्प्याटप्प्याने पेरणी होते. एकाच जमिनीत पुन्हा भोपळा घ्यायचा तर निदान तीन वर्षं थांबायचं, कारण मर आणि फळकूज करणाऱ्या बुरशी मातीत दबा धरून बसलेल्या असतात. पाणी साचतं त्या सखल भागात भोपळा लावायचाच नाही, हा आजोबांचा दंडक आहे. तो बरोबरच आहे.

आदल्या शरद ऋतूत त्या जमिनीत राय हे धान्य पेरून ठेवतात. मेमध्ये ते कमरेएवढं होतं. मग जड रूळ फिरवून ते आडवं पाडतात आणि त्या आच्छादनातूनच भोपळ्याचं बी टोकतात. तण दबतं, ओल टिकते. शिवाय फळ मातीवर न टेकता काडावर बसतं, त्यामुळे चिखलाने माखत नाही. लोक कपडे सांभाळत शेतात येतात, त्यांना भोपळा स्वच्छच हवा असतो.

जुलैत मला पहाटे जायला आवडतं. भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. एका फुलाला आयुष्यात एवढीच सकाळ. नर आणि मादी फुलं एकाच वेलावर वेगवेगळी येतात. आधी काही दिवस नुसती नर फुलं दिसतात, मग मादी. मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो. त्या एका सकाळी पुरेसे परागकण मिळाले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. थोडेच मिळाले तर फळ वेडंवाकडं वाढतं. शेताच्या कडेला भाड्याने आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या असतात. पण त्या माश्या बाहेर पडण्याआधीच इथली एक रानटी माशी कामाला लागलेली असते. तिला स्क्वॉश बी म्हणतात. ती पोळं करत नाही. मादी जमिनीत बीळ करून राहते आणि पिल्लांसाठी फक्त भोपळ्याच्या जातींचेच परागकण नेते. नर फूल मिटताना आतच राहतो आणि तिथेच झोपतो. मिटलेलं फूल हलकेच चिमटीत धरलं की आतून गुणगुण ऐकू येते. भेटीला आलेल्या शाळेच्या मुलांनी ही गुणगुण ऐकावी असं मला फार वाटतं. पण ती येतात ऑक्टोबरात, तेव्हा फुलांचा बहर सरलेला असतो.

नर फुलं गरजेपेक्षा पुष्कळ येतात, म्हणून त्यांतली थोडी खुडून मी भजी करते. मालकीणबाईंनी पहिल्यांदा संशयानेच तोंडात टाकली. आता जुलै लागला की त्याच बेसनाची आठवण करून देतात.

ऑगस्टात भुरी येते. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी पडते आणि पानं करपतात. पान गेलं की सावली गेली, फळाला उन्हाचा चट्टा पडतो आणि देठ वाळतो. खाणाऱ्याला देठाचं काही नसतं, पण कोरणाऱ्याला देठाशिवायचा भोपळा चालत नाही. मॅसेच्युसेट्समधल्या जॉन हाउडेन या शेतकऱ्याने तयार केलेली जात आजही देशभर लावली जाते, ती तिच्या गडद रंगासाठी आणि जाड, हिरव्या देठासाठी. आम्ही तोडणी लांब दांड्याच्या कात्रीने करतो. देठ हातभर नाही, पण वीतभर तरी ठेवायचा. फळ देठाला धरून कधीच उचलायचं नाही, दोन्ही हातांनी बुडाकडून धरायचं. देठ निसटला तर त्या खळग्यातून कूज आत शिरते आणि आठवड्याभरात फळ बसतं.

याच दिवसांत दुसरीकडे मक्याचा भूलभुलैया उभा राहत असतो. मका उभा-आडवा दाट पेरतात आणि गुडघ्याएवढा झाला की नकाशाप्रमाणे वाटा कापतात. शेतातला असा मोठा भूलभुलैया पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल इथे 1993 साली झाला, तिथून ही टूम देशभर गेली. हा मका मुद्दाम उशिरा पेरतात, म्हणजे ऑक्टोबरातही हिरवा राहतो.

मग फाटक उघडतं. सोमवार ते शुक्रवार शाळांच्या पिवळ्या बस येतात. प्रत्येक मुलाला एक लहान भोपळा मिळतो आणि तो निवडायला त्याला हवा तेवढा वेळ दिला जातो. शनिवार-रविवारी सगळा परगणा लोटतो. कडब्याच्या गाठोड्यांवर माणसं बसवून ट्रॅक्टरची गाडी शेतात जाते, सफरचंदाचा रस आणि गरम डोनट विकले जातात, शेळ्यांना चारा घालायला पोरांची झुंबड उडते. मोठी सून गल्ल्यावर, धाकटी स्वयंपाकघरात, नातू ट्रॅक्टरवर. मी वजनकाट्याजवळ. भोपळ्यापेक्षा तिकीट, गाडीची फेरी आणि खाणं यांतून जास्त पैसा येतो. एखादा शनिवार पावसात गेला तर तो भरून निघत नाही, कारण असे शनिवार मोजून पाच-सहाच असतात. सप्टेंबर सरत आला की आजोबा दिवसातून कितीदा तरी आभाळाकडे बघतात, आणि तेव्हा मला माझे वडील आठवतात.

आपली मराठी मंडळी काट्याशी आली की हमखास विचारतात, हा खायचा का? कोरायचा भोपळा खाऊन बाधत नाही, पण गर पाणचट आणि चोथट असतो. मी त्यांना कोपऱ्यातल्या मातकट रंगाच्या लांबट भोपळ्याकडे नेते. तो डिकिन्सन जातीचा. कारखान्यातल्या डब्यांत तोच जातो, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपला लाल भोपळाही त्याच प्रजातीतला. घारगे, भरीत, बाकरभाजी, काहीही करा, चव घरची लागते.

नोव्हेंबर लागला की विकायचा राहिलेला माल गाई-डुकरांना जातो, उरलेला शेतात गाडतात. मग यंत्रं धुऊन ठेवायची, गाड्यांच्या फळ्या बदलायच्या आणि जानेवारीत बियाण्यांच्या याद्या घेऊन टेबलाभोवती बसायचं. कुठल्या जातीला भुरी कमी लागली, कुठल्या रंगाला मागणी होती, यावर घरात कडाक्याचे वाद होतात.

शेतावर पाहुणे बोलवायची रीत आपल्याकडेही आहे; महाराष्ट्र शासनाचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. सुट्टीला माहेरी गेले की आमच्या भागातल्या कृषी पर्यटन केंद्रांच्या नव्या पाट्या बघते. पुष्कळ ठिकाणी खोल्या आहेत, पोहण्याचा तलाव आहे, पिठलं-भाकरी आहे, पण बघायला पीक नाही. मला ते पटत नाही. आपल्याकडे हुरडा पार्टी आहेच की! ज्वारीचं कणीस हुरड्यावर असतं ते काही आठवडेच, आणि लोक त्या आठवड्यांसाठी शहरातून धावत येतात. शेकोटी, गोवऱ्या, चटणी, गूळ, सगळं त्या कणसाभोवती. इथल्या भोपळ्याच्या शेताचं चालतं तेही याच बळावर. अंजिराचा बहर, द्राक्षाची काढणी, भुईमुगाच्या शेंगा उपटणं, हे पाहायला आणि हाताने करायला लोक पैसे देतील. मात्र त्यासाठी वर्षभर शेत आधी शेत म्हणून राखावं लागेल. ज्यांना शेतावर पाहुणे बोलवायचे आहेत त्यांनी आपलं एक पीक निवडावं, त्याचे आठवडे ठरवावेत आणि तेवढेच दिवस फाटक उघडावं.

आणि तुमच्यापैकी कुणी ऑक्टोबरात मुलांकडे अमेरिकेला येणार असाल, तर भोपळ्याच्या शेतावर शक्यतो मधल्या वारी या. गर्दी कमी असते आणि शेतकऱ्याला बोलायला सवड असते. स्वयंपाकासाठी हवा असेल तर खायचा भोपळा कुठला ते विचारून घ्या. आणि उचलताना देठाला धरू नका; देठ तुटलेला भोपळा पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, त्याचं नुकसान शेतकऱ्यालाच सोसावं लागतं.