कुमारवयीन मुलांसह अरण्याच्या वाटेवर

दिनांक १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या वाट्याला काळी कसदार जमीन आली, कापूस आणि मोसंबीच्या बागा आल्या, जुनी नावाजलेली बाजारपेठ आली. अरण्य मात्र जवळजवळ आलेच नाही. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनाच्छादित भूमीचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आहे. साहजिकच येथील मुलगा किंवा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत रान म्हणजे काय हे बहुधा पडद्यावरच पाहते. प्रत्यक्षात रानाशी त्यांचा जो संबंध येतो तो भांडणाचाच असतो. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा फस्त करतो, रानडुकरे मका आडवा करतात, आणि घरातील कर्ते पुरुष कडाक्याच्या थंडीत शेतावर जागलीला जातात. जनावर म्हणजे नासाडी, एवढाच धडा मुलांच्या मनावर ठसतो.

हा धडा खोटा नाही, पण अपुरा आहे. गवताळ माळ नांगराखाली गेले, ओढ्यानाल्यांच्या काठची झुडपे सरपणासाठी तुटली, आणि रोही व काळवीट उभ्या पिकात आले. आज वर्गात बसलेली मुले आणखी दहा वर्षांनी त्याच शेताचा कारभार पाहतील. कुंपणात वीज सोडायची की नाही, बांधावरची बाभूळ ठेवायची की तोडायची, हे निर्णय त्यांना घ्यावे लागतील. कुंपणातील वीजप्रवाह बेकायदेशीर तर आहेच; तो जनावराइतकाच गड्यामाणसाचाही जीव घेतो. असे निर्णय घेण्याची वेळ येण्यापूर्वी त्यांनी जनावर एकदा तरी त्याच्या स्वतःच्या घरी, अरण्यात, पाहिलेले असावे. कुटुंबाच्या सुटीतील दोन दिवस त्यासाठी काढणे मुळीच अवघड नाही.

वाटाड्याची निवड

अशा सहलीत सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे वाटाड्या. वन विभागाने नेमलेले किंवा नोंदणी केलेले स्थानिक मार्गदर्शक आता बहुतेक अभयारण्यांत उपलब्ध आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या वाहनफेरीत तर मार्गदर्शक बरोबर असणे आवश्यकच असते. काही पालकांना हा खर्च अनाठायी वाटतो. वास्तविक सहलीतील हाच खर्च सर्वाधिक सत्कारणी लागणारा होय. ज्येष्ठ अरण्यतज्ज्ञ मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ सेवा केली, विपुल लेखन केले आणि अरण्याच्या परिभाषेची मराठीत मोलाची भर घातली. आपल्या ज्ञानाचा मोठा हिस्सा आदिवासी व वनमजूर यांच्या सहवासातून मिळाल्याचे ते आवर्जून सांगत. शिक्षणाने अधिकारी असलेला माणूस जेथे विद्यार्थी झाला, तेथे आपल्या मुलांनीही वाटाड्याला ‘मामा’ म्हणून हाक मारावी आणि ऐकून घ्यावे, यात कमीपणा नाही.

चांगला वाटाड्या वाघ दाखवण्याचे वचन देत नाही. तो जमिनीकडे पाहायला शिकवतो. मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून बिबट्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटत नाहीत. तरस, लांडगा किंवा कुत्रा यांच्या ठशात त्या दिसतात. वाळलेली पांढरीफटक विष्ठा दिसली तर ती तरसाची असण्याचा संभव असतो, कारण तरस हाडे चावून पचवते. लेंड्यांचा मोठा ढीग एकाच जागी आढळला तर तो रोह्याचा समजावा. हा प्राणी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. आपल्या शेताच्या कडेला असा ढीग अनेकदा पाहूनही त्याचा अर्थ न कळलेल्या मुलाला येथे अचानक उलगडा होतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की तांबडा रंग उतरतो. झाडाच्या शेंड्यावरून वानराचा खाकरल्यासारखा इशारा आला की खाली कोठेतरी बिबट्या हलला असावा, हे अनुमान मुले दुसऱ्या दिवशी स्वतःच करू लागतात.

लहान मुलांना दाखवावे लागते. कुमारवयातील मुलांना काम द्यावे लागते, हा भेद पालकांनी ध्यानात घ्यावा. चौदा वर्षांच्या मुलाला ‘ते बघ, हे बघ’ म्हणून कोणी सांगितलेले आवडत नाही. त्याच्या हाती नकाशा व होकायंत्र द्यावे. मुलीकडे दुर्बीण आणि नोंदवही सोपवावी, किंवा याच्या उलट करावे. पाण्याचा हिशेब, वेळेची नोंद, ठशांची मापे हे सारे त्यांच्याकडे असावे, आणि आईवडिलांनी रांगेत शेवटी चालावे. अरण्यातील सर्वांत गोंगाट करणारा प्राणी म्हणजे सूचना देणारा पालक, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

गौताळा आणि पाटणादेवी

पायी हिंडण्यासाठी जालनेकरांना सोयीचे रान म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. १९८६ मध्ये घोषित झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य कन्नड व चाळीसगाव यांच्या दरम्यान अजिंठ्याच्या डोंगररांगेत पसरले आहे. छत्रपती संभाजीनगरमार्गे सकाळी निघालेले कुटुंब दुपारपूर्वी कन्नडला पोहोचते. रान शुष्क पानझडीचे. साग, सलई, धावडा, पळस, खैर, अंजन यांची दाटी. दिवाळीच्या सुटीत झरे वाहते असतात व गवत छातीएवढे वाढलेले असते. उन्हाळ्यात तेच रान उघडेबोडके होते, पण पाणवठ्यावर जनावर दिसण्याची शक्यता वाढते.

डोंगराच्या माथ्यावर उभे राहिल्यावर मुलांना एक गोष्ट अवश्य समजावून द्यावी. ही रांग म्हणजे तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस गिरणेवाटे तापीत व पुढे अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावरचे पाणी गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. जाफराबाद तालुक्यातून वाहणारी पूर्णा याच डोंगररांगेत उगम पावते. आपल्या विहिरीला पाणी लागते की नाही याचा थोडासा संबंध या झाडोऱ्याशी आहे, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा येथे अधिक चटकन पटते.

उत्तरेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे स्थान आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख या परिसरात सापडला; एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. ‘लीलावती’तील उदाहरणांनी हैराण झालेल्या विद्यार्थ्याला रानाच्या कुशीत गणिताची पाठशाळा होती हे ऐकून मौज वाटते. जवळच पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथे, आणि एकूणच कड्याकपारींत, आग्या मोहळांचे भान ठेवावे. उग्र अत्तरे लावू नयेत, धूर करू नये, दगड भिरकावू नयेत.

शेगावच्या वाटेवरील रान

जालना जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी श्रीगजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावला जातात. बुलढाण्याहून खामगावकडे जाणारा रस्ता ज्या रानातून जातो ते ज्ञानगंगा अभयारण्य होय, हे त्यांतील थोड्याच जणांना ठाऊक असते. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात अस्वलांचा वावर आहे. वारूळ उकरून वाळवी खाणारे हे जनावर अनवधानाने समोर आलेल्या माणसावर झडप घालते. म्हणून येथे वाटाड्याशिवाय रस्ता सोडून एक पाऊलही आत टाकू नये.

या रानाची एक हकीकत मुलांना जरूर सांगावी. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये बाहेर पडला. सुमारे १,३०० किलोमीटर अंतर तुडवून तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत शेते होती, रस्ते होते, गावे होती. पुढे मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ गौताळ्यात आढळला. तेथे वाघ दिसण्याची ही १९४० नंतरची पहिलीच वेळ होती. माणसांनी गजबजलेल्या मुलखातून असा प्रवास करताना जनावराला दिवसा दडण्यासाठी ओढ्याकाठची झाडी आणि उभी पिके यांचाच आसरा असतो. आपल्या शिवारातला झुडपांनी भरलेला नाला म्हणजे निव्वळ पडीक जागा नव्हे, ही जाणीव मुलांना अशा हकीकतीतून होते.

सवड असल्यास हाच रस्ता शेगावहून अकोटमार्गे मेळघाटाकडे नेतो. १९७३-७४ मध्ये देशात प्रथम निवडलेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत महाराष्ट्रातून केवळ मेळघाटाचा समावेश होता. येथे पायी नव्हे, तर वाहनातून ठरलेल्या वेळी फेरी करावी लागते, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील फेऱ्या बंद असतात. दऱ्याखोऱ्यांच्या या विस्तीर्ण रानात वाघ सहसा दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्याऐवजी रानपिंगळ्याचा शोध घेण्यास सांगावे. शंभराहून अधिक वर्षे नामशेष मानला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला व नंतर मेळघाटातही दिसला. मार्गदर्शकांपैकी अनेक तरुण कोरकू समाजाचे आहेत. त्यांच्या भाषेतील पाचदहा झाडांची नावे वहीत टिपून घेतली तर संभाषणाला आपोआप रंग चढतो.

तयारीविषयी थोडेसे

खाकी किंवा मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे व घोट्यापर्यंतचे बूट असावेत; चपला नकोत. उन्हाळ्यात माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावे, कारण पारा चाळिशी ओलांडतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ यांसारखा टिकाऊ शिधा प्लॅस्टिकच्या पुड्यांपेक्षा केव्हाही चांगला. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. सर्वांत जवळचे असे रुग्णालय कोणते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी, आणि ती मुलांकडूनच करवून घ्यावी. ओढ्याला पूर असेल तर धबधब्याखाली उतरण्याचा हट्ट कितीही झाला तरी वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा. भ्रमणध्वनीला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. मुले पहिला तासभर कुरकुरतात, नंतर विसरतात.

मार्गदर्शकाचे शुल्क, प्रवेशाच्या वेळा आणि मुक्कामाची सोय यांत वेळोवेळी बदल होतो. म्हणून संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारणा करावी. मेळघाटातील फेरीची नोंदणी वन विभागाच्या संकेतस्थळावरून करता येते. दिवाळीच्या सुटीत गर्दी फार होत असल्याने ही चौकशी गणेशोत्सव आटोपताच सुरू केलेली बरी.