थंडींतील सायकल आणि पायांची ऊब

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर त्रिपुर उजळतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या या भागांत थंडीचा अंमल सुरू होतो. मार्गशीर्ष सरून पौष लागला कीं भल्या पहांटे मनसरच्या रस्त्यावर सायकली दिसूं लागतात. कोणी दूधवाला, कोणी वर्तमानपत्रें वाटणारा मुलगा, कोणी मनसरच्या मँगनीजच्या खाणीकडे पहिल्या पाळीला निघालेला कामगार, आणि आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या शाळेला येणारीं मुलें व मुली. मोटारसायकली पुष्कळ वाढल्या; तरी ज्यांच्या घरीं ती नाहीं, त्यांचा भरंवसा अद्याप सायकलीवरच आहे. यांपैकीं बहुतेकांच्या कानांना मफलर असतो, अंगांत स्वेटर असतो, आणि पायांत मात्र रबरी चपला असतात. आजचें माझें भाषण या चपलांविषयीं, म्हणजे खरें तर त्या चपलांतील पायांविषयीं आहे.

हा विषय ऐकून कोणाला हंसूं येईल. विदर्भ म्हटला कीं उन्हाळा आठवतो. येथें पाय पोळतील, गारठतील कसे? परंतु ज्या नागपुरांत मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो, त्याच नागपुरांत २९ डिसेंबर २०१८ रोजीं तो ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें आकाशांत सोडून देते. ही क्रिया रात्रभर चालूं राहते, म्हणून सर्वांत कडक थंडी पडते ती मध्यरात्रीं नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे मुलें शाळेच्या वाटेवर असतात नेमकी त्याच वेळीं. शिवाय थंड हवा जड असते आणि पाण्याप्रमाणें सखल भागाकडे वाहत जाते. धानाच्या बांध्या, नाल्यावरचा पूल, तलावाकांठचा रस्ता अशा जागीं सायकल उतरली कीं अंगावर एकाएकीं शहारा येतो, त्याचें कारण हेंच.

मी खेड्यांतील शाळेवर होतों तेव्हांची एक गोष्ट सांगतों. ती माझ्या चुकीची आहे. पौषांतल्या एका सकाळीं सातवींतला एक मुलगा सात-आठ किलोमीटर सायकल चालवून, प्रार्थना संपल्यावर, शाळेंत पोहोंचला. उशिरा येणारानें व्हरांड्यांत उभें राहावें असा माझा नियम होता. मुलगा मुकाट्यानें उभा राहिला. पंधरा मिनिटांनीं मीं त्याला आंत बोलावलें, तेव्हां तो उंबरठ्यावर अडखळून पडला. मला वाटलें, सोंग करतो आहे. जवळ जाऊन पाहतों तों त्याच्या पायांचीं बोटें पांढरीफटक पडलेलीं, आणि अंगठ्याला ठेंच लागून रक्त आलेलें. "दुखतं का रे?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नाही गुरुजी, पाय आहेत असंच वाटत नाही." ठेंच केव्हां लागली हें त्याला ठाऊकच नव्हतें. त्या दिवशीं मीं तो नियम मोडला, आणि पायांच्या थंडीविषयीं जें वाचावयास मिळेल तें वाचूं लागलों.

प्रथम पाय इतके लवकर कां गारठतात तें पाहूं. आपल्या शरीराचा कारभार काटकसरी गृहिणीसारखा आहे. हृदय, फुप्फुसें, मेंदू यांचें उष्णतामान सदतीस अंशांच्या आसपास राखणें हें त्याचें पहिलें कर्तव्य. बाहेर थंडी वाढली कीं शरीर हातापायांकडे जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतें आणि तेथील रक्ताचा पुरवठा तोडून आंतील ऊब राखून ठेवतें. बोटांत उष्णता निर्माण करणारे स्नायू फारसे नाहींत. त्यांना ऊब मिळते ती मुख्यतः रक्तावाटे. पुरवठा आटला कीं तीं गारठतात. यावरून एक उपयुक्त गोष्ट निघते. पायांची थंडी पुष्कळदां पायांतून नव्हे, तर उघड्या छातींतून आणि गुडघ्यांतून सुरू होते. धड उबदार असेल तर शरीर उदार होतें आणि बोटांकडे रक्त सोडतें. निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते असें म्हणतात, तें मात्र खरें नाहीं. शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा डोक्याचा असतो आणि उष्णताही साधारण त्याच मानानें जाते. कान जरूर झांकावे, पण मफलर गुंडाळला म्हणजे पायांचें काम झालें असें समजूं नये.

दुसरें कारण वाऱ्याचें. आपल्या त्वचेला लागून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो. दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत सिपल आणि पॅसेल या दोघां अमेरिकन संशोधकांनीं पाणी किती वेळांत गोठतें हें निरनिराळ्या वाऱ्यांत मोजलें आणि १९४५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुधारणा होऊन २००१ सालीं कॅनडा व अमेरिका यांनीं नवें सूत्र स्वीकारलें. उघड्या चेहऱ्यासाठीं केलेल्या या सूत्राप्रमाणें हवा आठ अंशांवर असतां ताशीं १५ किलोमीटरचा वारा लागला तर ती सुमारें साडेपांच अंशांसारखी बोंचते, आणि २५ किलोमीटरचा लागला तर साडेचारांच्याही किंचित् खालीं. सायकलस्वार स्थिर हवेंतही स्वतःचा वारा स्वतः उत्पन्न करीत असतो, आणि त्याचीं बोटें त्या वाऱ्याच्या तोंडावर असतात. म्हणून कडाक्याच्या पहांटे दहा मिनिटें आधीं निघून सायकल सावकाश हांकणें हा एक बिनपैशाचा उपाय आहे.

तिसरें कारण सायकलीचेंच. चालतांना पाऊल वांकतें, बोटें जमिनीला रेटा देतात आणि त्यांतले स्नायू काम करतात. सायकलीवर पोटऱ्या व मांड्या राबतात, पण पाऊल पेडलवर एकाच जागीं दाबलेलें राहतें. पेडलचें रबर झिजून लोखंड उघडें पडलें असेल, तर पातळ तळाच्या चपलेंतून उष्णता तेथेंही झिरपत जाते. जुन्या ट्यूबची पट्टी पेडलवर घट्ट गुंडाळली तर हा दोष जातो आणि पायही घसरत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. त्या सर्वांचें सूत्र तीन शब्दांत सांगतां येईल: स्थिर हवा, कोरडेपणा आणि सैलपणा.

ऊब कापडांत नसते, कापडानें अडवून धरलेल्या हवेंत असते. उत्तर युरोपांतील सामी लोक आपल्या कातडी जोड्यांत वाळलेलें गवत भरीत असत, आणि दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या प्रवाशांनींही तीच युक्ति उचलली. आमच्या धानपट्ट्यांतला शेतकरी गारठलेल्या वासराखालीं तणस पसरतो, तेव्हां तोही हेंच शास्त्र आचरीत असतो. जुन्या घोंगडीचा तळव्याच्या आकाराचा तुकडा कापून बुटांत घातला तर तळ उबदार होतो. घोंगडी नसेल तर वर्तमानपत्राच्या चार-पांच घड्या चालतील. मात्र कागद ओला झाला कीं त्याच दिवशीं बदलावा. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल-शर्यतींत घाट उतरतांना छातीशीं वर्तमानपत्र खोंवून घेण्याचा स्वारांचा प्रघात जुना आहे. आमच्या वर्तमानपत्र वाटणाऱ्या मुलापाशीं तें औषध आयतेंच असतें.

कोरडेपणाचें महत्त्व याहून अधिक आहे. पाणी हवेच्या सुमारें चोवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. शिवाय एक ग्रॅम घाम वाळतांना जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेतो. तेवढ्या उष्णतेंत अठ्ठावन ग्रॅम पाणी दहा अंशांनीं तापलें असतें. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्स व बेल्जमच्या खंदकांत हजारों सैनिकांचे पाय निकामी झाले, तेही पुष्कळदां बर्फानें नव्हे, तर गोठणबिंदूच्या वरच्याच थंडींत ओल्या बुटांत दीर्घकाळ उभें राहिल्यानें. त्यावर पाय पुसून तेल चोळावें आणि रोज कोरडे मोजे घालावे, हीच शिस्त लावावी लागली. आपणही तेवढें करूं शकतों. आदल्या दिवशींचे मोजे घालूं नयेत. सुती मोजा घाम पितो व ओला राहतो. लोकरी मोजा आपल्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश ओलावा शोषूनही पुष्कळशी ऊब राखतो. बांधावरच्या दंवानें कापडी बूट भिजतात, म्हणून सायकल हातीं धरून गवतांतून जाण्यापेक्षां थोडा फेरा पत्करावा.

सैलपणाविषयीं लोक नेहमीं चुकतात. थंडी वाटली कीं दोन मोज्यांवर तोच घट्ट बूट कोंबतात. त्यानें मोज्यांतील हवा दाबली जाते आणि रक्ताचीही वाट अडते; दोन मोजे घालूनही पाय पूर्वींपेक्षां गार पडतात. बुटांत बोटें हलवितां आलीं पाहिजेत, हीच खरी कसोटी. जागा असेल तर दुसरा मोजा घालावा. नसेल तर एकच, पण जाड व कोरडा असावा.

ज्यांच्या बुटाचा वरचा भाग जाळीचा असतो, त्यांनीं जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून बुटाच्या टोंकावर टोपीसारखा चढवावा आणि पेडलवर पाय घसरूं नये म्हणून खालच्या बाजूस छेद द्यावा. वारा फारच असेल तर मोज्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी घालून मग बूट घातला तरी चालतें. पण ही युक्ति अर्ध्या तासापुरतीच. पिशवींत घाम सांचतो, म्हणून पोहोंचतांच ती काढून मोजा बदलावा. पिशवीचें टोंक किंवा पायजम्याची कड लोंबकळत राहून साखळींत अडकणार नाहीं, एवढी काळजी घ्यावी. आणि वाटेंत बोटें बधिर होऊं लागलीं तर खालीं उतरून शंभर-दोनशें पावलें सायकल ढकलीत चालावें. त्यानें जी ऊब येते ती कोणत्याही मोज्यानें येत नाहीं.

विडी ओढली म्हणजे ऊब येते, अशी समजूत कामावर जाणाऱ्या पुष्कळांची आहे. ती उलटी आहे. तंबाखूंतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करतें, म्हणजे थंडी जें करते तेंच तेंही करतें. मद्यानें त्वचेकडे रक्त धांवतें व क्षणभर ऊबदार वाटतें. पण तीच ऊब नंतर बाहेर निघून जाते.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गारठलेले पाय घेऊन घरीं आलेला मनुष्य पहिली धांव घेतो ती शेकोटीकडे. तेथेंच खरा धोका आहे. बधिर कातडीला चटका कळत नाहीं. शिवाय ओलसर थंडींतून आलेलीं बोटें एकदम तापविलीं तर कांहींजणांना तीं लाल-निळीं होऊन सुजतात, खाजतात व आग करतात. पाय पुसून कोरडे करावे, लोकरींत गुंडाळावे, किंवा हातांत धरून आपोआप गरम होऊं द्यावे. जोरानें रगडूं नयेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं तर शेकोटीजवळ पाय नेऊंच नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें आपल्या देशांत सुमारें दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. या रोगांत पायांची संवेदना हळूहळू कमी होते, आणि मनुष्य निखाऱ्याजवळ पाय ठेवून गप्पा मारीत असतां तळवा भाजत असतो. ती जखम लवकर भरत नाहीं, आणि कधीं कधीं पाय गमावण्याची पाळी येते. गरम पाण्यांत पाय घालण्यापूर्वीं पाणी पायानें नव्हे, कोपरानें किंवा घरांतील दुसऱ्या कोणाच्या हातानें पाहावें. रोज रात्रीं तळवे उजेडांत तपासावे. बोटांचा रंग थोड्या थंडीनेंही वारंवार पांढरा वा निळा पडत असेल, किंवा जखम काळी पडूं लागली असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावें.

श्रोत्यांमध्यें जे माझे व्यवसायबंधु असतील, त्यांना एकच विनंती करून मी भाषण संपवितों. पौषांत सायकलीवरून आलेल्या मुलाला "उशीर कां?" असें विचारण्यापूर्वीं त्याच्या पायांकडे पाहा. वर्गाच्या कोपऱ्यांत एक गोणपाट आणि धुतलेल्या जुन्या मोज्यांची एक पेटी ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. पांच मिनिटें त्याला गोणपाटावर बसूं द्या, मोजे बदलूं द्या, बोटें हलवूं द्या. ज्या मुलाला आपले पाय आहेत असेंच वाटत नाहीं, त्याला फळ्यावरचें काय कळणार? हें मला समजावयास त्या मुलाला उंबरठ्यावर पडावें लागलें. तुमच्या मुलावर ती वेळ येऊं नये, एवढ्याचसाठीं हें बोललों.