हरिपूरच्या पेवाचं पान

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं आणि त्याच आठवड्यात नेदरलँड्सहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सांगलीजवळच्या आष्ट्यातल्या हळद करणाऱ्या घरातली ही मुलगी. आता तिचीच लेक सात वर्षांची आहे. म्हणाली, "बाई, आपलं पेवाचं पान कुठं बघायला मिळंल? हिला दाखवायचंय."

मी खरं ते सांगितलं. ते पान आता कुठंच नाही. इंटरनेटवरच्या ज्या फुकटच्या जागेवर आम्ही ते ठेवलं होतं, ती जागा चालवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पण आपण किती काम केलं होतं की ओ बाई." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

वेगवेगळ्या देशांतल्या पोरांनी एकमेकांना न भेटता मिळून काम करायचं, ही कल्पना इंटरनेट आपल्याकडे यायच्या आधीची. शीतयुद्धाच्या अखेरीस, १९८८ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या काही शाळा संगणकानं जोडल्या गेल्या आणि त्यातून आयअर्न हे जाळं उभं राहिलं. पुढं ते शंभरावर देशांत पसरलं. १९९६ मध्ये अमेरिकेत थिंकक्वेस्ट सुरू झाली. मुलांनी गट करून एखाद्या विषयावर संकेतस्थळ उभारायचं आणि मोठ्यांनी फक्त मार्गदर्शन करायचं, अशी ती स्पर्धा. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी चार महानगरांत. आमच्या शेजारी वारणानगरला १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतली सत्तरएक गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प झाला आणि उसाचं वजन, बिल गावातल्या केंद्रावर दिसावं असं ठरलं. ती वर्षं मी दुरून पाहिली. शाळेत एक संगणक होता, त्यावर कापड होतं आणि कपाटाची किल्ली कार्यालयात होती. त्या काळाबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच.

माझा काळ सुरू झाला २००४ मध्ये. आयअर्नच्या भारतातल्या कामाचं केंद्र पुण्यात होतं आणि तिथून शिक्षकांना हाताशी धरलं जायचं. 'लर्निंग सर्कल' हा प्रकार मला तिथं कळला. सहा-आठ देशांतले सहा-आठ वर्ग एका गटात येतात. आधी ओळख, मग प्रत्येक वर्ग आपला एक प्रश्न मांडतो, बाकीचे वर्ग त्यावर आपापल्या गावची माहिती गोळा करून पाठवतात आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक पुस्तिका होते. सत्र साधारण चौदा आठवड्यांचं. एक सप्टेंबरच्या अखेरीस सुरू व्हायचं, दुसरं जानेवारीत. म्हणजे पहिल्याच्या मधोमध आमची सहामाही आणि दिवाळी, दुसऱ्याच्या मधोमध वार्षिक परीक्षा. त्यातच डिसेंबरात गटातल्या अर्जेंटिनाच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागणार. हे सगळं एका कागदावर मांडून प्रत्येक आठवड्याला कोण शाळेत आहे नि कोण नाही हे आधी बघायचं, हे माझं पहिलं काम. हा कागद न केलेले गट तिसऱ्या आठवड्यात मोडताना मी पाहिलेत.

वेळेचंही तसंच. आष्ट्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा तैवानमध्ये साडेदहा होतात, अर्जेंटिनात आदल्या रात्रीचे साडेअकरा. त्यामुळं समोरासमोर बोलणं क्वचितच व्हायचं, आणि ते बरंच होतं असं मला आज वाटतं. पत्र लिहायचं आणि थांबायचं. त्यातच भारनियमन. वीज असताना मजकूर टाइप करून फ्लॉपीवर घ्यायचा, फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेट कॅफेत न्यायची, तिथं लाइन चालू असली तर पाठवायची. मराठीचा आणखी एक घोळ होता. आमचा फॉन्ट त्यांच्याकडं नसल्यामुळं देवनागरीच्या जागी चिन्हांची रांग उमटायची. मग जात्यावरच्या ओव्या मुलींनी हातानं कागदावर लिहिल्या आणि आम्ही त्या कागदाचं चित्र करून पाठवलं. गटातल्या तैवानच्या मुलांनी ती अक्षरं गिरवून परत पाठवली. आमच्या मुलींनी आपली लिपी परक्या हातानं लिहिलेली पहिल्यांदा पाहिली.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि सांगली बुडाली. सप्टेंबरात नवं सत्र सुरू झालं तेव्हा मुलांनी विषय आपणहून ठरवला : नदी घरात येते तेव्हा. आमच्या गटात अर्जेंटिनातल्या सांता फे शहरातला एक वर्ग होता. एप्रिल २००३ मध्ये सालादो नदी त्यांच्या शहरात शिरली होती. त्या मुलांनी लिहिलं की पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ त्यांच्या घरात अजून आहे, आईनं ती पुसू दिली नाही. हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सांगलीला मामाकडं राहिलेला एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्या मामाच्यातबी हाय तशी रेघ."

मग आमच्या मुलांनी हरिपूरच्या पेवांवर लिहायचं ठरवलं. आष्ट्याहून सांगली वीसेक किलोमीटर, तिथून पुढं कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर. जमिनीखाली खोल खड्डा खणून त्यात हळद साठवायची तिथली पद्धत. आत हवा नाही, ओल नाही, त्यामुळं माल वर्षानुवर्षं टिकतो. पुराचं पाणी या पेवांत शिरलं आणि कितीतरी हळद मातीमोल झाली.

लिहायला बसल्यावर पहिल्याच वाक्याला गाडी अडली. पेवाला इंग्रजीत काय म्हणायचं? तळघर म्हटलं तर दार नि पायऱ्या आल्या. विहीर म्हटलं तर पाणी आलं. खड्डा म्हटलं तर कचऱ्याचा वाटतो. एका मुलानं विचारलं, "बाई, पेव फुटलं असं म्हणतात ते ह्येच का?" हेच. ज्या शब्दानं आपण रोज वर्तमानपत्रात क्लासेसचं पेव, फ्लेक्सचं पेव वाचतो, तो शब्द शेजारच्या गावात जमिनीत पुरलेला होता आणि परक्या मुलांना सांगायची वेळ आली नसती तर आमच्या मुलांना तो दिसलाच नसता. शेवटी 'पेव' असंच लिहायचं आणि चित्र काढायचं ठरलं. वर अरुंद तोंड, खाली सुटत गेलेलं पोट.

ते पाठवलं. आठ दिवसांनी सांता फेहून प्रश्न आला : हवा नसेल तर आत माणूस कसा उतरतो? आम्हाला ठाऊक नव्हतं. अंदाजानं उत्तर लिहायचं नाही, जाऊन बघून लिहायचं, हा माझा एकच कडक नियम होता. मुलांना घेऊन एसटीनं हरिपूरला गेले. पेव भरणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगारानं सांगितलं, तोंड उघडल्यावर आधी तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. मुलांनी परतीच्या गाडीत, उभ्या उभ्या, वहीत ते लिहून काढलं.

अशी दहाएक वर्षं गेली. सगळे गट असे जमले नाहीत. अमेरिकेतल्या एका वर्गाबरोबर आमची मुलं इंग्रजीच्या धाकानं गप्पच राहिली. सांता फेची मुलं स्पॅनिश घरांतली, आमची मराठी. दोघांचंही इंग्रजी कच्चं, म्हणून कुणी कुणाला घाबरलं नाही. पुढं मी नेहमी असेच जोडीदार शोधले आणि जे शिक्षक इंग्रजी सुधारावं म्हणून मुलांसाठी अमेरिका-इंग्लंडचाच हट्ट धरत, त्यांच्याशी भांडले. ते भांडण मी आजही मागे घेत नाही.

एक हिशेब मात्र अजून मनात आहे. त्या काळात माझ्यावर असलेल्या एका वरिष्ठांनी मला एका ओळीत विचारलं होतं, याला मार्क किती? मी दोन पानांचं उत्तर लिहून दिलं. ते वाचलं गेलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून नववीची मुलं काढून घेतली, दहावीचा पाया कच्चा राहतो म्हणून. हरिपूरच्या गाडीत उभ्यानं टिपणं काढणाऱ्या मुलांचा पाया कच्चा होता, असं कुणी माझ्यासमोर म्हणावं.

मग एकेक दिवा मालवत गेला. थिंकक्वेस्ट २००२ मध्ये ओरॅकलच्या शिक्षण प्रतिष्ठानकडं गेली होती, ती १ जुलै २०१३ ला बंद झाली आणि मुलांनी घडवलेल्या हजारो संकेतस्थळांचं तिचं ग्रंथालयही गेलं. युरोपात वेगळं घडलं. तिथं युरोपीय आयोगानं २००५ मध्ये ई-ट्विनिंग सुरू केलं, देशोदेशी शिक्षकांच्या मदतीला सरकारी पाठबळाच्या संस्था दिल्या आणि ते काम टिकलं. आपल्याकडं हे ज्याच्या त्याच्या हौसेवर राहिलं. हौशी माणूस निवृत्त झाला की काम थांबतं. माझंही तसंच झालं.

मधल्या काळात आनंदाचीही बातमी आली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. परदेशातल्या वर्गांशी मुलांना जोडण्याचं कामही ते करत होते. वाडीवरच्या शाळेतून हे होतं, हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मला वाटलं, आता तरी गावोगावी असे गट उभे राहतील.

उभे राहिले ते फलक. टाळेबंदीनंतर कॅमेऱ्यापुढं बसायची सवय सगळ्यांनाच झाली. आता एक तास परदेशातल्या वर्गाशी बोलायचं, दोन्हीकडून हात हलवायचे, गाणं म्हणायचं, फोटो काढायचा आणि प्रमाणपत्र छापायचं. परवा अशाच एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. आमच्या मुलींनी नऊवारी नेसून नाच केला, पलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं खाली आल्यावर मला विचारलं, "ती मुलं कुठल्या देशातली होती?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथल्या शिक्षकाला म्हटलं, पुढच्या आठवड्यात त्यांना एक पत्र लिहायला सांगा, मी मदत करते. तो म्हणाला, "पुढचा देश ठरलाय बाई."

आमच्या पानाच्या बाबतीत चूक माझीही झाली. मुलांचं काम मी परक्याच्या वाड्यात ठेवलं आणि घरच्या फडताळात एक पुरती प्रत ठेवली नाही. पुस्तिकेची छापील पानं माझ्याकडं होती. त्यातली आमची पानं कुणीतरी प्रदर्शनासाठी नेली ती परत आली नाहीत.

फोननंतर दोन दिवस मी माळा धुंडाळला. आमचं पान नाही सापडलं. सांता फेच्या मुलांचं सापडलं. पुस्तिकेसाठी त्यांनी आमच्या उत्तरावरून पेवाबद्दल स्वतः लिहिलं होतं, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत. खाली पेन्सिलीचं चित्र : अरुंद तोंड, मोठं पोट आणि दोरीला लोंबणारा कंदील. त्याचा फोटो काढून मी नेदरलँड्सला पाठवला.

रात्री तिचा निरोप आला. "लेक विचारतेय, पेवं अजून आहेत का?"

शनिवारी हरिपूरला जाऊन बघून येते, मग कळवते, असं मी उत्तर लिहिलं.